हळदीत उकळलेली विटी

जुन्या घराचे पत्रे काढले त्या दिवशी आढ्याच्या फटीतून एक गाठोडं खाली पडलं. सुनेने ते उचललं, फुंकून धूळ उडवली आणि गाठ सोडली. आत मधल्या बोटापेक्षा जरा लांब, दोन्ही टोकांना निमुळती अशी पिवळी लाकडं होती.

"आत्याबाई, हळकुंडं हायत का ही? किडली कशी न्हाईत?"

"हळकुंडं न्हाईत. विट्या हायत."

"कशाच्या?"

"खेळायच्या."

तिने माझ्याकडे बघितलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, उंबरा ओलांडताना चौकट धरणारी सासू. "पोरांच्या असतील. टाकून देऊ का?"

"माझ्या हायत. त्या टाकशील तर मी तुला टाकीन."

ती हसली. तिला माझी सवय झाली आहे. ती नव्या घराच्या विटा मोजायला निघून गेली आणि मी गाठोडं घेऊन लिंबाच्या सावलीत बसले. एक विटी नाकाला लावली. हळदीचा वास राहिला नव्हता. धुराचा होता, जुन्या लुगड्याच्या चिंधीचा होता. पण तळहातावर घासली तर तळहात अजून पिवळा झाला.

आमच्या गावात बायका विटीदांडू खेळायच्या असं सांगितलं तर आता कोणी खरं मानत नाही. खेळायच्या, पण वर्षातून एकच दिवस, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला. कर हा वाईट दिवस. त्या दिवशी नवं काम काढत नाहीत, गावाला जात नाहीत, शेतात बाई लावत नाहीत. माझी सासू म्हणायची, "देवानं बायांला चांगला दिवस कवा देला? वाईट होता त्यो देला. घ्या पदरात."

आमचं गाव डोंगरकड्याच्या अलीकडे, ओढ्याच्या या अंगाला. ओढ्यापलीकडे टेकाडावर तांडा. मध्ये मुरमाचा माळ. गावाच्या बाया एका बाजूने, तांड्याच्या बाया दुसऱ्या बाजूने. लग्नकार्याला आमचं त्यांचं येणं-जाणं नव्हतं, पाण्याला होतं आणि करीला होतं.

खेळाचा नियम असा. जो पक्ष जिंकेल त्याच्याकडे वर्षभर दांडू. जो हरेल त्याच्याकडे विटी. जिंकणारीने दांडूला तेल पाजायचं. हरणारीने पुढच्या सालासाठी नवी विटी करायची, ती हळदीत उकळायची आणि वाळवून ठेवायची. एकीकडे दांडू, दुसरीकडे विटी, म्हणजे एकीवाचून दुसरीचा खेळ होत नाही. हे कोणी ठरवलं माहीत नाही. बायांनीच ठरवलं असणार. पुरुषांनी ठरवलं असतं तर जिंकणाऱ्याने दोन्ही घरी नेलं असतं.

मी सांगते ती वर्षं हिंगोलीचा जिल्हा झाला त्याच्या थोडी आधीची आणि थोडी नंतरची. माझी सासू गेली होती. गावाच्या बाजूने म्होरकी मी. तांड्याच्या बाजूने झमका.

झमका माझ्याच वयाची. कोपरापर्यंत बांगड्या, आरशांची ओढणी, घेर असलेला घागरा, आणि आवाज असा की टेकाडावरून बोलली तर आमच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. दांडू फिरवला की तिच्या सगळ्या बांगड्या एकदम वाजायच्या. पण विटीच्या टोकावर टिचकी मारायच्या आधी ती श्वास धरायची, आणि तेवढा वेळ एक बांगडी हलायची नाही. ते ऐकू न येणं मला अजून ऐकू येतं. त्यानंतर येणारा टोला माळ ओलांडून जायचा.

ती मला नावाने हाक मारायची नाही. "ए गावकरणी" म्हणायची. मी तिला "झमके" म्हणायचे. आमच्यात मैत्री होती का, असं कोणी विचारलं असतं तर दोघींनीही नाही म्हटलं असतं.

खेळ एका दिवसाचा, पण तयारी वर्षाची. हरलेल्या साली कर झाली, हार पचवली की मी विटीचं लाकूड बघायला लागायचे. बोरीचं लागतं, चिवट. फार जाड फांदी कामाची नाही, फार कोवळी नाही. विळ्याने तासायची, मग खापरीने घासायची. दोन्ही टोकं सारखी आली पाहिजेत. एक टोक जड राहिलं तर विटी उडते पण वाकडी उडते, आणि वाकडी विटी समोरच्या बाईच्या कपाळात बसते. तसं एकदा झालं होतं. ती बाई बांधावरची भांडणं विसरली, पण कपाळाची खूण मला दाखवत राहिली.

फाल्गुनात हळद निघायची. शेतात बांधाला चुलाण खणलेलं, त्यावर मोठी कढई, खाली पऱ्हाट्यांचा जाळ. कढईत हळदीचे गड्डे, वर हळदीचाच पाला, त्यावर ओलं पोतं. पाणी तापलं की आधी मातीचा वास येतो, मग कडू, मग एकदम गोडसर. त्या वाफेत उभं राहिलं की डोळ्यांना पाणी येतं आणि डोकं मोकळं होतं. हाताची नखं चैत्र सरेपर्यंत पिवळी राहायची. मी विटी चिंधीत बांधून पोत्याच्या कडेने आत सोडायचे आणि चिंधीचं टोक कढईच्या कानाला बांधून ठेवायचे.

आमचे मालक दर वेळी कुरकुर करायचे. "हिंगोलीचा व्यापारी म्हणंल, ह्या हळदीत लाकडं निघून राहिली."

"लाकडं तर तुमच्या डोक्यात बी हायत. कोणी म्हणलं का?"

मग ते गप्प जाळ सारायचे. माणूस चांगला होता. उत्तर सुचलं नाही की काम करायचा.

उकळलेली विटी उन्हात वाळवायची नाही, चिरते. सावलीत, वाऱ्याला, आढ्याला टांगून. पिवळी कशाला, असं नव्या सुना विचारायच्या. माळाच्या उताराला आमचं काळं रान लागतं. संक्रांतीच्या सुमाराला त्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, हात जाईल एवढ्या. साधी विटी तिथे पडली की वाळक्या काडीसारखी दिसते, म्हणजे दिसतच नाही. पिवळी विटी काळ्या भेगेत लांबूनही दिसते. आणि हळद प्यालेल्या लाकडाला किडा शिवत नाही. ते सुनेने त्या दिवशी डोळ्यांनी बघितलंच.

झमकाकडे दांडू असला की ती त्याला जवसाचं तेल पाजायची. पाजायची म्हणजे नुसतं वरून पुसायचं नाही. कोमट तेल तळहातावर घेऊन लेकराच्या पायाला चोळतात तसं चोळायचं, पिईल तेवढं पाजायचं, मग चुलीवर धुरात टांगायचं. बाभळीचा दांडू तेल पिऊन पिऊन काळा होतो. हातात घेतला की वाटतं ओला आहे, पण हाताला काही लागत नाही. तो दांडू माझ्या सासूच्या वेळचा. मुठीच्या जागी तो चार बायांच्या हातांनी झिजून बारीक झाला होता.

दिवाळी झाली की अंगाची तयारी. कापूस वेचणीला जायचो. ओळ संपली की मी उभी पऱ्हाटी मोडून घ्यायचे आणि वाळक्या बोंडावर टोला मारायचे. बोंड उडून पुढच्या ओळीत पडायचं. वर्षभर न फिरवलेला हात पहिल्या दिवशी लाकडासारखा असतो. दुसऱ्या दिवशी दुखतो. आठ-पंधरा दिवसांत त्याला आपलंच काम आठवतं. सासू शिकवून गेली होती, "खांद्यानं मारू नको, मनगटानं मार. खांदा ओझ्याला ठेव." ती पाणी शेंदतानासुद्धा मनगट वळवून दाखवायची. मी जात्यावर बसले की डाव्या हाताने दळायचे, उजवा मोकळा ठेवायचे. पीठ जाडं यायचं. मालक भाकर मोडून बघायचे आणि म्हणायचे, "कर जवळ आली जणू."

मग माळ. कर तोंडावर आली की गावाच्या बाया खालून आणि तांड्याच्या बाया वरून, मुरमावरचे सराटे वेचत यायच्या. अनवाणी खेळायचं, एक काटा राहिला तर डाव गेला. पोतं घेऊन वाकून वाकून वेचत दोन्हीकडच्या बाया मध्यावर भेटायच्या. तिथे गल खणायची. विटी आडवी ठेवून कोलायला हातभर लांबीची, उतरती, शेणकाल्याने सारवलेली. गल खणताना झमका आणि मी समोरासमोर बसायचो. वर्षातलं आमचं निवांत बोलणं तेवढंच.

"लय वाळली गं, गावकरणी. मालक खाऊ घालत न्हाई का?"

"खाऊ घालायचं काम माझंच हाय. तू काहून फुगली?"

"मी फुगले न्हाई. घागऱ्यात हवा हाय."

घागऱ्यावरून एकदा मोठं भांडण झालं होतं. तांड्याची एक बाई विटी घागऱ्याच्या घेरात झेलून "झेल! झेल!" ओरडायला लागली. आमच्या बाया म्हणाल्या, झेल हाताचाच. त्या म्हणाल्या, मग तुमी बी घागरे घाला, कोणी धरलं? ऊन चढेपर्यंत भांडण चाललं. शेवटी झमकाच म्हणाली, "हाताचाच झेल. कापडात काय, वारा बी अडकतो." तिने आपल्याच बाईचा झेल धरला नाही तेव्हा तांड्याच्या बाया तिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

करीच्या सकाळी शिळी भाकर आणि तिळाची चटणी खाऊन माळावर जायचं. लुगड्याचा काष्टा घट्ट, पदर कमरेला. टोला कुठे पडला तिथपासून गलीपर्यंत दांडूने मोजत यायचं. आम्ही ओरडायचो, वकट, लेंड, मुंड, नाल. त्या त्यांच्या बोलीत मोजायच्या. दोन्ही आकडे जुळले नाहीत की परत मोजायचं. माळावर बांगड्यांचा, हसण्याचा, दांडूवर विटी बसल्याचा तो कोरडा टक्‌ आवाज. पुरुष लांब बांधावर बसून बघायचे. जवळ यायची त्यांची हिंमत नव्हती, विटी कोणाची ओळख ठेवत नाही.

शेवटचा डाव झाला त्या साली मी हरले. शेवटचा होता हे तेव्हा माहीत नव्हतं. झमकाने एक शब्द बोलून मला चिडवलं, काय ते आता आठवत नाही, आणि मी चिडून खांद्याने मारलं. विटी उंच गेली, लांब गेली नाही. तांड्याच्या एका पोरीने ती दोन्ही हातांनी अलगद झेलली. झमका दांडू उचलून टेकाडाकडे निघाली. जाताना म्हणाली, "विटी चांगली कर. औंदाची जड व्हती."

मी बोर शोधली. फाल्गुनात विटी उकळली. आढ्याला टांगली.

तांड्यातली माणसं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायची. तेव्हाही जायची, पण सगळी नाही. म्हातारी, लेकरं आणि झमकासारख्या घर धरून बसणाऱ्या बाया मागे राहायच्या, म्हणून करीला तांड्याचा पक्ष उभा राहायचा. त्या साली झमकाची सून पोटुशी होती आणि नवऱ्याबरोबर तोडीला निघाली होती. पोरीजवळ कोणी पाहिजे म्हणून झमकाही निघाली.

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हिंगोलीला दवाखान्यात जायला वारंगा फाट्यावर गाडीची वाट बघत उभी होते. तिथे ट्रक उभा होता. वर बिऱ्हाडं, पाट्या, कोंबड्या, वळकट्या, माणसं. वळकट्यांवर झमका बसली होती.

"ए गावकरणी! विटी वाळली का?"

"वाळली. तू कुठं चालली?"

"वर. कारखान्यावर. सुनेचं बाळंतपण हाय."

"आन् दांडू?"

तिने वळकटीत हात घातला आणि दांडू वर काढून दाखवला. उन्हात तो भांड्यासारखा चमकला.

"त्यो तिकडं काहून नेऊन राहिली?"

"इथं ठेवला तर तुझा मालक त्यानं बैल हाकंल. तिकडं तेल पाजते, हात बी चालू ठेवते."

"करीला येशील का?"

"येते. मुकादमाला सांगून चार दिवस येते." ट्रक चालू झाला होता. ती अजून मोठ्याने ओरडली, "न्हाई आले तर तू जिंकली म्हण!"

"न खेळता? बिनविरोध निवडून यायला मी काय सरपंच हाय?"

फाट्यावरची माणसं हसली. चहाच्या टपरीवाला हसला. झमका हसताना दिसली, ऐकू आली नाही. ट्रकने धूळ उडवली आणि माझी गाडी आली.

त्या करीला आम्ही आमच्या बाजूचे सराटे वेचले. मध्यावर आलो. वरून कोणी आलं नाही. मग त्यांच्या बाजूचेही वेचले. गल मी एकटीने खणली. सकाळी बाया जमल्या. तांड्यावर कुत्री भुंकत होती आणि एक म्हातारी उन्हाला बसलेली दिसत होती. ऊन वर आलं. एक जण म्हणाली, "आपल्या आपल्यात खेळू. दांडू न्हाई तर धुण्याची थापी आणते."

"थापीनं विटीदांडू? मग लाटण्यानं नांगर बी हाक."

कोणी हसलं नाही. तिळगूळ वाटला, खाल्ला, आणि बाया उठल्या. मी गलीशेजारी थोडा वेळ बसले. वाट बघत नव्हते, पाय दुखत होते. मग विटी ओच्यात बांधून घरी आले.

होळीनंतर तोडीची माणसं परत आली. झमका आली असं कळलं. ती माझ्याकडे आली नाही. ओढ्यावर दिसली तर वळून वरच्या वाटेने गेली. मी म्हटलं, जाऊ दे. तिला खेळायचं नाही, तर मला काय अडलं? मी तिच्याकडे गेले नाही. तिच्या दांडूत माझ्या सासूचा हात होता. तेवढं मात्र मनात आलं.

तरी हळद शिजायला लागली तेव्हा मी नवी विटी उकळली. मालक म्हणाले, "कोणासाठी?"

"हरलेल्यानं उकळायची. मी हरलेली हाय."

दुसऱ्या साली ती परत गेली. तिसऱ्याही. दर करीला आमच्या बायांची संख्या कमी. कोणाची पोरगी उजवली, कोणाचे गुडघे गेले. मी दर फाल्गुनात एक विटी उकळून आढ्याला टांगत राहिले. त्याच या गाठोड्यातल्या.

मग एका फाल्गुनात ती आली. सकाळची वेळ. मी कढईजवळ पोतं भिजवत होते. वाफेमुळे आधी दिसलं नाही, बांगड्या ऐकू आल्या. कमी ऐकू आल्या. एका हातातल्या काढल्या होत्या. कडेवर एक पोरगी, तीन-चार वर्षांची, नाक वाहत असलेली.

"गावकरणी, काम हाय का? हळद शिजवायला?"

"काम हाय. दांडू कुठं हाय?"

तिने पोरीला खाली ठेवलं. कढईकडे बघत म्हणाली, "जाळला."

मी पोतं हातात धरून उभी राहिले.

"सुनेला कळा लागल्या आन् अवकाळी पाऊस सुरू झाला. पाचटाची कोपी गळून राहिली. जळण सारं वलं, पाचट वलं, काडी पेटंना. पाणी तापवायचं व्हतं. वाळलेलं लाकूड एकच व्हतं, वळकटीतलं."

"मग?"

"मग काय. इतक्या सालाचं तेल प्यालेला. पेटला कसा सांगू? कापरासारखा. एक हंडा पाणी तापलं, कोपीत उजेड पडला. मी जाळ बघत व्हते आन् तुझं तोंड डोळ्यापुढं येऊन राहिलं." तिने नाक ओढलं. "तवापासून तुझ्याकडं यायला पाय उचलंना. मी हरले म्हण आता. दांडू गमावला त्यो हरला."

कढईखाली पऱ्हाट्या तडतडत होत्या. मी पोतं कढईवर अंथरलं. कडा दाबल्या.

"हीच का ती?" मी विचारलं.

"हीच."

"पोरगी झाली म्हणजे बरं झालं. पोरगं झालं असतं तर दांडू फुकट गेला असता."

झमकाने माझ्याकडे बघितलं. मग ती हसायला लागली, तिच्या त्या मोठ्या आवाजात, आणि पोरगी घाबरून रडायला लागली. मालक जाळ सोडून बघायला आले.

"आन् हरले म्हणून सुटायचं न्हाई," मी म्हणाले. "बिनविरोध मला नगं. नवा दांडू कर. त्याला तेल पाज. मग खेळू."

त्या दिवशी तिने आमच्याकडे हळद शिजवली. दुपारी ओढ्याच्या काठी दोघी बाभूळ बघत फिरलो. ही वाकडी, ती किडकी, ही हातात येत नाही. शेवटी एक सरळ फांदी सापडली. तिने कुऱ्हाडीने ती तोडली, मी साल काढली. तिने त्याच संध्याकाळी जवसाचं तेल मागून नेलं. वाटी परत आणली नाही.

त्यानंतर खेळ झाला असं सांगायला मला आवडलं असतं. झाला नाही. ती पुन्हा दसऱ्याला गेली, दांडू घेऊन. तिच्या लेकाने तिकडेच कारखान्याजवळ दोन खोल्या बांधल्या. खेळ कोणी बंद केला नाही. एका वर्षी सराटे कोणी वेचले नाहीत, एवढंच. पुढच्या वर्षी माळावर सराटे इतके झाले की शेरडंसुद्धा कडेने जायला लागली. आता तिथे मोबाइलचा टावर आहे आणि त्याच्याभोवती तारेचं कुंपण. गल कुठे होती ते मला बोट ठेवून दाखवता येईल, पण बघायला येणार कोण?

गाठोडं सापडलं त्या संध्याकाळी मी सुनेला म्हटलं, झमकाला फोन लाव. तांड्यातल्या कोणाकडून तरी तिने नंबर मिळवला. तिकडे आधी एक तरुण पोरगी बोलली, आवाज चांगला मोठा. "याडी, तुला गावाकडून फोन," ती ओरडली, ती आजीला याडी म्हणते, आणि मला कळलं ती कोण ते. मग झमका आली.

"कोण?"

"गावकरीण."

आधी तिचा श्वास ऐकू आला. बांगड्या वाजल्या नाहीत. आता नसतीलच हातात.

"जिती हाय व्हय अजून?" ती म्हणाली.

"हाय. दांडू हाय का?"

"हाय. चुलीवर टांगलाय. सून म्हणते ग्यास आलाय, धूर कुठला लागंल? तरी टांगलाय."

"तेल पाजती का?"

"पाजते. गुडघ्याला चोळून झालं की उरलेलं त्याला." मग म्हणाली, "काळा झालाय गं. तसाच."

"तुझी नात खेळती का?"

"खेळती. दांडूनं न्हाई, बॅटीनं. पण मनगट तुझ्या सासूवाणी वळवती. मी दाखवलं."

मग इकडचं तिकडचं बोललो. पावसाचं विचारलं, मोतीबिंदूचं सांगितलं. येणार का, असं मी विचारलं नाही. येते, असं ती म्हणाली नाही. दोघींना वय कळतं.

आता आमच्याकडे कढई नाही. हळद शिजवायला बॉयलर येतो, ट्रॅक्टरला जोडून. लोखंडी पिंप, नळ्या, आणि वाफ सुटताना रेल्वेसारखा आवाज. वाफेचा वास मात्र तोच आहे, आधी माती, मग कडू, मग गोड. गाठोड्यातल्या विट्या मी सुनेकडे दिल्या, नव्या घरात देवळीत ठेव म्हणून. पण त्या जुन्या सालाच्या. नव्या सालाला नवी लागते. मी बांधावरच्या बोरीची फांदी सालगड्याकडून काढून घेतली. तासायला मला पुष्कळ दिवस लागले. एका डोळ्याने दोन्ही टोकं सारखी करणं सोपं नाही. बोटाने चाचपून बघत केली.

बॉयलर लावला त्या दिवशी मी काठी टेकत गेले. चिंधीत बांधलेली विटी बॉयलरवाल्याच्या हातात दिली. वसमतकडचा माणूस, तरणा, कानात ते वायरीचं घातलेलं.

"आजी, काय हाय यात?"

"विटी. हळदीबरोबर शिजव. चिंधी सोडू नको."

त्याने कानातलं काढलं. "कोण खेळतं आता विटीदांडू?"

"ते तुला काय करायचं?"

"न्हाई, म्हणजे, व्यापारी म्हणंल हळदीत लाकूड निघालं."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. मालक असते तर जाळ सारायला लागले असते.

"माझ्या अंगावर राज्य हाय बाबा," मी म्हणाले. "मी हरलेली हाय. टाक आत, झाकण लाव."

त्याने टाकली.